जुनी पुस्तके, नव्या प्रती आणि प्रताधिकाराचा कायदा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या समारंभात कायद्यावर व्याख्यान ठेवणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु हा विषय कार्यकारिणीने मुद्दाम दिला आहे आणि त्याला तसेच कारण घडले आहे. आपल्या ग्रंथालयातील सर्व पुस्तके स्कॅन करून संगणकात भरावीत आणि त्यांच्या प्रती सर्व सभासदांना मोबाइलवर पाठवाव्यात, अशी सूचना तरुण मंडळींनी मांडली. ज्येष्ठांपैकी काहींनी ‘पुस्तकाला हात लावाल तर कोर्टाची पायरी चढावी लागेल’ असे बजावले. दोन्ही बाजू मी ऐकून घेतल्या. जतनासाठी कायदा ग्रंथालयाला किती मोकळीक देतो याची ज्येष्ठांना कल्पना नाही, आणि वाटपावर तो किती बंधने घालतो याची तरुणांना नाही, असे माझे मत झाले. तेच आज सविस्तर मांडावयाचे आहे.

ही पुस्तके येथे आली कशी, हे आपणांस ठाऊकच आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि त्या सुमारास नागपूर, वर्धा, अमरावतीकडील कितीतरी कुटुंबे भिलाईस आली. ट्रंकेत कपड्यांखाली चार पुस्तके असायचीच. पुढे बदली झाली, कोणी निवृत्त होऊन पुण्याला गेले, कोणी देवाघरी गेले, आणि ती चार पुस्तके मंडळाच्या कपाटात आली. विकत घेतलेल्या पुस्तकांपेक्षा अशी दान आलेली पुस्तकेच आपल्याकडे अधिक. त्यांत नागपुरातील लहान प्रकाशकांची पुस्तके आहेत, घरी बांधून घेतलेले ‘सत्यकथे’चे अंक आहेत, मुखपृष्ठ हरवलेली नाटके आहेत. त्या काळचा स्वस्त कागद आम्लामुळे आपोआपच पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यावर छत्तीसगडचा उन्हाळा, पावसाळ्यातील ओल, कसर आणि वाळवी. काही पुस्तके आता अशी झाली आहेत की वाचायला उघडली तर पान हातात येते. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. काही पुस्तकांच्या बाबतीत येत्या चार-पाच वर्षांत काय करू तेवढेच.

आता कायद्याकडे वळू. आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो, त्याला सरकारी मराठीत प्रताधिकार हा शब्द आहे. आपल्याकडे पहिला कायदा कंपनी सरकारच्या अमदानीत १८४७ साली झाला, नंतर १९१४ चा, आणि सध्याचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. ग्रंथालयांच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची असल्याने तिच्याकडे पुन्हा येईन.

मुख्य नियम सोपा आहे. लेखकाच्या मृत्यूच्या सालात साठ मिळवावे. जे साल येईल त्याच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क लेखकाच्या वारसांकडे, अथवा ज्यांना तो लिहून दिला असेल त्यांच्याकडे राहतो. १ जानेवारीपासून ते लेखन सर्वांचे. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाली. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ साली गेले, म्हणजे तेथे प्रश्नच नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मधले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०२८ अखेरपर्यंत. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा २०३६ अखेरपर्यंत. आणि आपल्या ग्रंथालयात ज्यांच्या पुस्तकांसाठी नंबर लावावा लागतो ते पु. ल. २००० साली गेले, तेव्हा २०६० अखेरपर्यंत त्यांच्या पुस्तकांकडे पाहून केवळ हसावे, त्यांच्या प्रती काढू नयेत.

ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या लेखनावरील विश्वभारतीचा हक्क ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपणार होता. केवळ तीन दिवस आधी, २८ डिसेंबरपासून मुदत साठ वर्षांची करण्यात आली. एका कवीसाठी सगळ्या देशाच्या लेखकांना दहा वर्षे मिळाली. ही वाढ योग्य होती का, याबद्दल मला शंका आहे. साठ वर्षांत नातवंडांची नातवंडे होतात, आणि छापील पुस्तक तोवर तग धरतेच असे नाही. परंतु जो हक्क त्या दुरुस्तीपूर्वीच संपला होता तो तिने पुन्हा जिवंत झाला नाही, एवढे समाधान. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हे त्याचे चांगले उदाहरण. ते आपल्या शेजारच्या रायपुरात १८८४ साली जन्मले आणि १९३७ साली गेले, म्हणजे १९८७ अखेरच त्यांचा हक्क संपला होता. त्यांचा ज्ञानकोश आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमुळे इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो. रायपुरातच १९२६ साली देह ठेवणारे, पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे यांचेही तसेच. त्यांनी लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकाहून स्वतंत्र असतो, हे त्या निमित्ताने लक्षात ठेवावे. येथे दोघांचेही हक्क संपले आहेत. परंतु जेथे मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा आणि अनुवादक परवाचा असेल तेथे फसगत होते.

फसगतीच्या आणखी जागा आहेत. ज्ञानेश्वरी सर्वांची आहे, पण गेल्या पन्नास वर्षांतील विद्वानाने तिला लिहिलेली प्रस्तावना, अर्थ आणि टिपा त्या विद्वानाच्या आहेत. गडकऱ्यांचे नाटक मुक्त, पण नव्या आवृत्तीवरील चित्र चित्रकाराचे. म्हणून शक्य तर जुनीच आवृत्ती स्कॅन करावी. आणि मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाला साठ वर्षे मोजायची ती प्रकाशनाच्या सालापासून. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. फरक एका वर्षाचाच. परंतु गजानन माधव मुक्तिबोधांच्या बाबतीत तो मोठा आहे. दुर्गहून नागपूरकडे निघालो की राजनांदगाव लागते. तेथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवणारा हा मराठी घरातला माणूस हिंदीचा मोठा कवी झाला. ते १९६४ साली गेले. त्यांनी हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. पण त्यांचे पुष्कळसे लेखन त्यांच्या मागे छापले गेले. १९८० मध्ये सहा खंडांची रचनावली निघाली. तिच्यात जे प्रथमच प्रसिद्ध झाले, त्यावरील हक्क २०४० अखेरपर्यंत चालेल. एकाच लेखकाच्या एकाच खंडातील दोन कवितांची स्थिती अशी वेगवेगळी असू शकते.

जुन्या मासिकांचेही तेच. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. मासिक बंद पडले म्हणून लेखकांचे हक्क बंद पडत नाहीत. एका अंकात वीस लेखक असतील तर वीस मृत्युवर्षे शोधावी लागतात. आणि हयात असलेल्यांना दीर्घायुष्य चिंतून वाट पाहावी लागते.

आता ज्या पुस्तकांचे हक्क अजून शाबूत आहेत, त्यांचे काय? येथे ज्येष्ठांनी लक्ष द्यावे. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठी काढण्याची मुभा या कायद्यात मुळापासूनच आहे. ग्रंथपालाच्या देखरेखीखाली त्या काढाव्या लागतात. आपले जीर्ण झालेले नाटक झेरॉक्स करून, बांधून कपाटात ठेवले आणि मूळ प्रत जपून ठेवली, तर कोणाचाही अपराध होत नाही. ‘विकत मिळत नाही’ हे मात्र नुसते म्हणून भागणार नाही. प्रकाशकाला पत्र लिहावे, नागपूर-पुण्याच्या दोन विक्रेत्यांकडे चौकशी करावी आणि उत्तरे फाइलला लावून ठेवावीत. उत्तर न आल्यास पाठवलेल्या पत्राची प्रत ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु उद्या कोणी विचारलेच तर ती फाइलच आपली साक्षीदार.

दुसरी मुभा २०१२ च्या दुरुस्तीने आली. ज्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून आहे, ते जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठवून ठेवता येते. येथे पुस्तक बाजारात मिळते की नाही, ही अटही नाही. पण दोन्ही मुभा सार्वजनिक, नफा न करणाऱ्या ग्रंथालयालाच आहेत. आपले मंडळ नफा करीत नाही, हे आपल्या हिशेबनिसांना विचारा, ते डोळ्यांत पाणी आणून सांगतील. प्रश्न ‘सार्वजनिक’ या शब्दाचा आहे. सभासदांपुरते कुलूप लावलेले कपाट सार्वजनिक म्हणता येईल का? माझ्या मते ही जागा दुबळी आहे. म्हणून माझी सूचना अशी की वाचनकक्ष ठरावीक वेळी सर्वांना खुला करावा, तसा ठराव करून तो नियमावलीत लिहावा. छत्तीसगढी अथवा हिंदी वाचक आला तर तोही बसेल. मराठी पुस्तक पाहून त्याला बाधा होणार नाही.

आता तरुणांसाठी. कायद्याचा शब्द साठवण्याचा आहे, वाटण्याचा नाही. स्कॅन केलेली कादंबरी दोनशे सभासदांच्या व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणजे दोनशे प्रती काढणे. ते जतन नव्हे. ‘आम्ही पैसे घेत नाही’ हा बचाव शिक्षा सौम्य करील, कृत्य वैध करणार नाही. या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे भीती घालण्यासाठी नव्हे, माहितीसाठी सांगतो.

‘परदेशात तर सर्रास चालते,’ असे मला सांगण्यात आले. तेथेही इतके सरळ नाही. गूगलने अमेरिकेतील ग्रंथालयांतली लक्षावधी पुस्तके स्कॅन केली, आणि २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ते वैध ठरवले. पण गूगल हक्क शाबूत असलेल्या पुस्तकातील शोधलेल्या शब्दाभोवतीच्या चार ओळीच दाखवीत होते, पुस्तक देत नव्हते. उलट इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने आपल्याकडील एका छापील प्रतीमागे एकच संगणकीय प्रत उसनी देण्याची पद्धत अवलंबिली, तेव्हा चार प्रकाशक न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये अपिलातही संस्था हरली. आपल्याकडे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी योजनेत मराठी पुस्तकेही मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली. पुढे प्रताधिकाराचाच प्रश्न निघून ते दालन बंद झाले. ग्रंथप्रेमी म्हणून मला त्याचे वाईट वाटते. पण दोनतीन माणसांच्या बळावर चालणारा मराठी प्रकाशक डोळ्यांसमोर आणला की त्याच्या नव्या पुस्तकाची फुकट पीडीएफ फिरवणाऱ्याची बाजू मला घेववत नाही. भिलाईत मराठी पुस्तकांचे दुकान नाही, ही आपली अडचण खरी. परंतु टपालाने आणि इंटरनेटवरून पुस्तक मागवता येते. जे मागवता येते ते मागवावे.

विद्यार्थ्यांना एक दिलासा. स्वतःच्या अभ्यासासाठी अथवा संशोधनासाठी पुस्तकातील काही भागाची प्रत काढणे न्याय्य वापरात मोडते. दहा टक्के पाने चालतात, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आपल्या कायद्यात तसा आकडा नाही. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज इत्यादी प्रकाशकांनी दावा केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनाच्या गरजेपुरत्या प्रती काढणे वैध मानले. त्या निकालाचा आधार शिकवण्याच्या कामाला आहे, रविवारच्या करमणुकीला नाही.

आणि आपल्यापैकी ज्यांची दृष्टी गेली आहे अशा वाचकांसाठी कायद्याने दार पुष्कळच उघडे ठेवले आहे. अंध व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाचे ध्वनिमुद्रण करणे अथवा तिला उपयोगी पडेल अशा स्वरूपात प्रत करणे, हे ना-नफा तत्त्वावर करता येते, मग हक्क शाबूत असले तरी हरकत नाही. यासंबंधीचा माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करार २०१३ चा. त्याला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ज्यांचा आवाज चांगला आहे आणि ज्यांना नाटकात भूमिका मिळत नाही, त्यांनी या कामाचा विचार करावा.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती ज्यांना कोणी वाली नाही अशा पुस्तकांची. प्रकाशनसंस्था केव्हाच बंद झाली, लेखकाचा पत्ता नाही, मृत्युवर्ष सापडत नाही. मुक्त झाले म्हणावे तर पुरावा नाही, परवानगी मागावी तर कोणाकडे? युरोपीय संघाने २०१२ साली निर्देश काढून कसून शोध घेतल्यावर ग्रंथालयांना अशी पुस्तके इंटरनेटवर ठेवण्याची वाट करून दिली. आपल्या कायद्यात त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पूर्वी तो कॉपीराइट मंडळाकडे जाई, आता वाणिज्य न्यायालयाकडे जातो. चाळीस रुपये किमतीच्या कथासंग्रहासाठी इतके सोपस्कार आपल्यासारखे मंडळ करील, हे संभवत नाही. येथे कायदा कमी पडतो, असे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे. तूर्त ही पुस्तके आधी स्कॅन करून साठवावीत आणि तीन प्रतींची मुभा घ्यावी. साने गुरुजींचे पुस्तक आपण स्कॅन केले नाही तर जगाचे काही बिघडत नाही. ते दुसरीकडे पुष्कळ ठिकाणी आहे. राज्य मराठी विकास संस्था आणि मराठी विकिस्रोत यांनी बरेच काम करून ठेवले आहे, तेथे पाहून मगच आपली यादी करावी. पुस्तकाचे प्रकाशनवर्ष अडले तर शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची आहे. १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी तिच्याइतका भरवशाचा आधार नाही.

शेवटी आपल्या घरचे. मंडळाची जुनी हस्तलिखिते आणि वार्षिक अंक ही ग्रंथालयातील अशी एकच वस्तू की जी दुसऱ्या कोणाकडे नाही. कोक ओव्हनच्या रात्रपाळीवरच्या कविता, रशियन शेजारणीला पुरणपोळी शिकवल्याचे लेख, गणेशोत्सवातल्या नाटुकल्या. त्यांचे कागद मंडळाचे आहेत, हक्क मंडळाचा नाही. ज्याने लिहिले त्याचा, आणि त्याच्या मागे त्याच्या वारसांचा. पन्नास वर्षांच्या मंडळात मृत्यूनंतरची साठ वर्षे कोणाचीच भरलेली असू शकत नाहीत. जतनासाठी स्कॅन करण्यास अडचण नाही. पण निवडक लेखन छापायचे अथवा इंटरनेटवर ठेवायचे तर लेखी संमती हवी. ती घेताना तीन गोष्टी विसरू नयेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच धरतो, मग न्यू जर्सीतल्या नातीला आजोबांची कविता वाचायला ठेवण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही. आणि वर्षभरात वापर केला नाही तर, तसे वेगळे लिहून घेतले नसल्यास, मिळालेला हक्कही गळून पडतो.

या तिन्ही बाबी घालून संमतिपत्राचा नमुना मी तयार केला आहे. त्याच्या प्रती ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जुन्या अंकांतील लेखकांची यादी शेजारच्या फळ्यावर लावली आहे. तिच्यात काही नावांपुढे फक्त आद्याक्षरे आहेत, काहींपुढे सेक्टर आणि क्वार्टरचा क्रमांक आहे, आणि ती कुटुंबे आता तेथे राहत नाहीत. जाताना यादीवरून नजर फिरवावी आणि ओळखीचे नाव दिसल्यास त्यापुढे सध्याचा पत्ता लिहावा. पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे.